मासे साफ करायचं टेबल घरी बनवताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये खानावळवाले येतात, मासेविक्रेते येतात, गळ टाकायची हौस असलेली मंडळीही येतात. बहुतेकांची मागणी एकच असते: "पत्रा जाड घ्या, टेबल दणकट पाहिजे." दणकट तर करूच, पण आधी पाण्याचं बोलूया. खवले, रक्त, चिकटा, बर्फाचं पाणी हे सगळं आपोआप एका कोपऱ्यात वाहून गेलं पाहिजे. ते टेबलावर साचलं की कितीही घासा, दुसऱ्या दिवशी वशाट वास येतोच. म्हणून पैसे उतारावर, कडांवर आणि जोडावर खर्च करा. जाडीवर खर्च करायची फारशी गरज नाही.

हे टेबल घरी नक्की होतं. वरचा पत्रा तेवढा कापून-वाकवून घ्यावा लागतो, कारण बेंडिंगचं मशीन घरी नसतं. बाकी सांगाडा, पाय, पाईप हे ज्याला ड्रिल आणि पाना धरता येतो त्याला जमतं.

पत्र्याची निवड

स्टेनलेस पत्रा ३०४ ग्रेडचा घ्या. बाजारात २०२ स्वस्त मिळतो आणि दिसायला तसाच चकचकीत असतो, पण त्यात निकेल कमी असतं आणि मिठाच्या पाण्यापुढं तो लवकर डाग धरतो. कोकणातून आंबा घाटानं किंवा गगनबावड्यावरून आलेली सुरमई-बांगड्याची पेटी उघडली की बर्फाबरोबर खारं पाणी सांडतंच. फक्त रोहू, कटला, मरळ असा गोड्या पाण्यातला मासा करणार असाल तर २०२ काही वर्षं चालेल, तरी आमचा सल्ला ३०४ चाच. लोहचुंबक लावून पारख करू नका, दोन्ही पत्र्यांना तो जवळजवळ चिकटतच नाही. थेंब टाकून तपासायचं औषध मिळतं, ते दुकानदाराला समोर टाकून दाखवायला सांगा.

जाडी १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी, पुरते. खाली दोन आडवे पाईप दिले की पत्रा दबत नाही आणि ढोलासारखा वाजतही नाही. आधाराला प्लायवूड मात्र घालू नका. कडेनं पाणी शिरतं, प्लाय फुगतो आणि आतल्या आत कुजतो.

कडप्प्याबद्दलही बरेच जण विचारतात. घरच्या ओट्याला तो ठीक आहे, पण कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, व्हिनेगर त्याला खातं आणि माशाचं तेल त्यात मुरतं. ग्रॅनाइट बरा, पण ४ बाय २ फुटांचा १८ मिमीचा तुकडा ३५ किलोच्या आसपास जातो. तेवढाच स्टीलचा पत्रा ७-८ किलोत होतो.

माप

इथं थोडा हिशेब करा, पैसे वाचतील. पत्रा ८ बाय ४ फुटांचा येतो. ४८ बाय ३२ इंचाचे तुकडे पाडले तर एका पत्र्यात बरोबर तीन टेबलं बसतात. दोन बाजू आणि पुढची कड प्रत्येकी १ इंच उभी, त्यावर १ इंच मागं दुमडलेली. पाठीमागं ५ इंच उभी पाटी, तिलाही १ इंचाची दुमड. हे सगळं वजा जाता काम करायला ४४ बाय २४ इंच जागा उरते. पूर्ण ४ फूट लांब टेबल हवं म्हटलं की पत्र्याची मांडणी बिघडते आणि भंगारात जाणारा तुकडा तुमच्या बिलात येतो. तिघा शेजाऱ्यांनी मिळून पत्रा घेतला तर आणखी बरं. दुमड सोडू नका. उघडी धार ओल्या हाताला सुरीसारखी कापते.

उंची ठरवायला टेप घेऊन सरळ उभे राहा, कोपर काटकोनात दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या आणि त्यातून चार बोटं कमी करा. ती पाटाच्या, म्हणजे मासा कापायच्या फळीच्या, वरच्या बाजूची उंची. पाच फूट दोन इंचाच्या बाईला ही साधारण ३५ इंचाच्या आसपास येते, उंच पुरुषाला त्याहून बरीच जास्त. घरात जास्त वेळ मासे कोण साफ करतं, त्यांचंच माप घ्या. अनेक घरांत आई-मावशी अजून मोरीत विळी घेऊन उकिडव्या बसतात. कंबर धरते, गुडघे जातात, आणि घाण पायाशीच पडते. त्यांच्यासाठी टेबल होत असेल तर त्यांना विचारूनच उंची ठरवा.

उतार आणि भोक

४४ इंचांच्या लांबीत १ इंच उतार द्या, आणि मागच्या कोपऱ्याकडं अर्धा इंच जादा. पत्र्यातच उतार काढायची कसरत नको. पायांना खाली-वर होणारे बोल्ट लावा आणि त्यांनीच साधा. मग तांब्याभर पाणी ओतून बघा. कुठं थबकलं, कुठं डबकं राहिलं, लगेच दिसतं. पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत बोल्ट फिरवत राहा, टेबलावरचं बाकी काम नंतर.

भोक मागच्या कोपऱ्यात, दोन इंची वेस्ट कपलिंगचं (सिंकच्या भोकात पाईप जोडायला बसवतात ते). उजव्या हातानं सुरी धरणाऱ्यानं ते डावीकडं ठेवावं, म्हणजे डाव्या हातानं घाण ढकलता येते आणि सुरी हातातच राहते. खाली आधी जाळीची बादली, मग पाईप. खवले थेट पाईपात गेले की वाळून एकमेकांना चिकटतात आणि पाईप तुंबतो. बादलीतली आतडी-कल्ले नारळाच्या किंवा केळीच्या बुडाशी फूटभर खोल पुरा. वरवर पुरलं तर रात्री कुत्री उकरतात.

नळाला नवा जेट स्प्रे बसवा. पाण्याच्या हलक्या धारेखाली, शेपटीकडून डोक्याकडं खरवडलं की खवले भिंतीभर उडत नाहीत.

पाट

सुरी स्टीलवर चालवू नका, धार लगेच जाते. २० मिमी जाडीचा पांढरा एचडीपीई (कडक प्लास्टिकचा) पाट घ्या आणि त्याखाली १० मिमीचे रबरी गट्टू लावा. पाट असा कडेपेक्षा किंचित वर येतो, मनगट पुढच्या कडेला घासत नाही आणि पाणी पाटाखालून निघून जातं. बांगडा घ्या: कल्ल्यामागं सुरी तिरपी घालून मणक्यापर्यंत नेली, मग आडवी करून शेपटीपर्यंत सरकवली, की एका बाजूचा सलग, मणक्याविना तुकडा सुटतो. या कामाला सुरी पातळ आणि लवचिक लागते, आणि पाट हलता कामा नये. रोहू-कटल्याचं मांस बारीक काट्यांनी भरलेलं असतं, त्यामुळं असा तुकडा काढूनही काटे राहतातच. त्याच्या तुकड्याच करा. आणि पोट फाडताना पित्त फुटू देऊ नका, मांस कडू होतं. औषध म्हणून कच्चं पित्त गिळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रोहूच्या पित्तानं मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं दवाखान्यात गेली आहेत.

मोठं डोकं कोयत्यानं फोडायचं काम या टेबलावर नको. त्याला चिंचेचा ओंडकाच हवा, तोही जमिनीवर.

सांगाडा

४० बाय ४० मिमीचा चौकोनी लोखंडी पाईप, त्यावर रेड ऑक्साईड (गंज रोखणारा तांबडा अस्तर) आणि मग इपॉक्सी रंग. स्टील जिथं टेकतं तिथं रबराची पट्टी ठेवा, कारण ओल्या मिठात लोखंड-स्टील एकत्र आले की लोखंड झपाट्यानं गंजतं. लोखंड घासताना उडणारी ठिणगी पत्र्यावर पडू देऊ नका. तिथं तांबडे ठिपके उठतात आणि लोक पत्र्याला दोष देतात. कोपऱ्यांचे जोड आर्गन वेल्डिंगनंच करून घ्या, आम्ही ते घासून गुळगुळीत करून देतो.

पाय वेल्ड करू नका, १० मिमीच्या स्टील बोल्टनी जोडा. २०१९ आणि २०२१ चा पूर सुतारवाडा, दुधाळीकडच्या मंडळींना सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडं चढायला लागलं की असं टेबल पाना घेऊन सुटं करता येतं आणि माळ्यावर चढवता येतं.

धुणं

आधी गार पाणी, मग गरम. उलट केलंत तर रक्त पत्र्यावर शिजून बसतं. साबण आणि नायलॉनची घासणी वापरा, लोखंडी तारेची नको. ब्लीचिंग वापरलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, क्लोरीन स्टीलला बारीक खड्डे पाडतं. शेवटी फडक्यानं कोरडं करा.

पत्र्यासाठी येताना कोपराचं माप, जागेची लांबी-रुंदी आणि सांडपाण्याचा पाईप कुठल्या बाजूला आहे एवढं लिहून आणा. पत्रा तुमचा असला तरी वाकवून देऊ, मात्र त्याचा ग्रेड तुमच्यासमोर आधी तपासू.