मांजराच्या केसांचा रंग (आनुवंशिकी)

मांजराच्या अंगावरील केसांचा रंग, त्यातील पट्टे आणि पांढरे डाग ठरविणाऱ्या जनुकांची मांडणी व क्रिया. सस्तन प्राण्यांच्या आनुवंशिकीत या विषयाला जे महत्त्व आले ते मुख्यतः कबऱ्या, म्हणजे काळे व पिवळे केस एकाच अंगावर असलेल्या मांजरीमुळे आले. तिच्या अंगावर पांढराही रंग असेल तर तिला तिरंगी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत तिलाच अधिक जागा दिली आहे.

रंगद्रव्ये : केसात दोनच रंगद्रव्ये असतात. यूमेलॅनीन काळे ते तपकिरी असते, तर फिओमेलॅनीन पिवळे ते तांबूस. दोन्ही त्वचेतील रंगपेशींत तयार होऊन वाढत्या केसात उतरतात. रंगपेशीच्या पृष्ठभागावरील एमसी१आर हा ग्राही (बाहेरचा संदेश घेणारे प्रथिन) उद्दीपित असला की काळे द्रव्य तयार होते आणि अगूटी नावाच्या प्रथिनाने त्याला अडविले की पिवळे. ही अडवणूक केस वाढत असताना चालूबंद होत राहिल्याने एकाच केसावर काळी-पिवळी वलये येतात व अंगाला करडी झाक येते. हाच रानटी पूर्वजांचा रंग होय. अगूटीच्या जनुकातून दोन बेस (डीएनएची ‘अक्षरे’) गळालेले रूप आईबाप दोघांकडून आले तर मांजर पूर्ण काळे होते. तरीही काळ्या पिलाला उन्हात धरून पाहिले तर त्याच्या कुशीवर पुसट पट्टे ओळखू येतात, कारण पट्ट्यांची आखणी वेगळ्या जनुकांकडे असते. मेलॅनोफिलीनच्या जनुकातील एका बेसचा लोप रंगद्रव्याचे कण नीट पसरू देत नाही. त्यामुळे काळ्याचे राखाडी आणि पिवळ्याचे मलईरंगी होते.

पिवळा रंग : इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत पिवळा वा तांबडा रंग वरील ग्राहीतील किंवा अगूटीतील बदलामुळे येतो. मांजरात मात्र तो एक्स गुणसूत्रावरील जनुकाने येतो. असे दुसरे परिचित उदाहरण सिरियन हॅमस्टरचे आहे. बोक्याला एकच एक्स असल्याने तो पिवळा तरी असतो किंवा नसतो. मांजरीला दोन एक्स असल्याने ती मिश्र रंगाची होऊ शकते. पिवळा बोका आणि काळी मांजरी यांची पिले झाली तर सर्व बोके काळे व सर्व मांजरी कबऱ्या निघतात. उलट जोडीत बोके पिवळे आणि मांजरी पुन्हा कबऱ्याच. पिवळ्या मांजरावर पट्टे हमखास दिसतात, कारण अगूटीच्या दोषाचा पिवळ्या केसावर परिणाम होत नाही. या रंगाचे लिंगाशी असलेले नाते विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लिओनार्ड डॉनकास्टर, सी. सी. लिटल आदींनी मांडले होते, पण एकाच अंगावर दोन्ही रंग वेगवेगळ्या ठिगळांत का दिसावेत याचा उलगडा त्या वेळी झाला नाही.

१९४९ मध्ये मरे बार व एवर्ट बर्ट्राम यांना मांजरीच्या चेतापेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसला, जो बोक्यांच्या पेशींत नव्हता. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी मुख्यतः उंदरांच्या ठिगळदार रंगावरून असे मांडले, की मादीच्या प्रत्येक पेशीतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गर्भावस्थेच्या आरंभीच निष्क्रिय होते, कोणते ते यदृच्छेने ठरते, आणि त्या पेशीपासून निपजणाऱ्या सर्व पेशींत तेच निष्क्रिय राहते. कबऱ्या मांजरीचा दाखला त्यांनी त्याच लेखात दिला होता. बार व बर्ट्राम यांना दिसलेला गडद ठिपका म्हणजे हेच निष्क्रिय एक्स होय. पिवळ्या रंगाचे जनुक ज्यावर आहे तो एक्स चालू असलेल्या रंगपेशींचे वंशज पिवळे ठिगळ घडवितात, बाकीचे काळे. अंगावर पांढरा भाग नसेल तर दोन रंग बारीक मिसळलेले असतात आणि पांढरा जितका जास्त तितकी ठिगळे मोठी व ठळक होतात. मूळ रंगपेशी थोड्याच असल्या की प्रत्येकीची संतती अधिक जागा व्यापते, असे याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

कबरा बोका : या नियमाने कबरा बोका निपजू नये, तरी तो क्वचित आढळतो व बहुधा वांझ असतो. तीन हजारांत एक हे सर्वत्र दिले जाणारे प्रमाण ढोबळ अंदाज म्हणूनच घ्यावे. डॉनकास्टर यांनी १९२० मध्ये सुचविले होते, की हा मुळात मादी गर्भ असून नर भावंडाच्या प्रभावाने तो पालटला असावा. जुळ्यांत गोऱ्ह्याच्या जोडीने जन्मलेली कालवड वांझ निघते, ते उदाहरण त्यांच्यापुढे होते. ही कल्पना मागे पडली. १९६१ मध्ये अशा बोक्यांत एक जादा एक्स (एक्सएक्सवाय) असल्याचे दिसून आले आणि बहुतेक उदाहरणांना हे स्पष्टीकरण पुरते. काही थोडे कबरे बोके मात्र जननक्षम असतात. ते दोन गर्भांच्या एकत्रीकरणातून किंवा एखाद्या रंगपेशीत मागाहून झालेल्या उत्परिवर्तनातून आले असावेत.

जनुकाची ओळख : हे जनुक नेमके कोणते, हे शतकभर अज्ञात होते. मे २०२५ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातील हिरोयुकी सासाकी यांचा गट व अमेरिकेतील ग्रेग बार्श आणि ख्रिस्तोफर केलिन यांचा गट, यांनी स्वतंत्रपणे काम करून एकाच वेळी ते प्रसिद्ध केले. (सासाकी यांच्या कामाला मांजरप्रेमींच्या लोकवर्गणीचा हातभार होता.) पिवळ्या मांजरांत एआरएचजीएपी३६ या जनुकाच्या प्रथिनासाठी न वापरल्या जाणाऱ्या भागातून सुमारे ५,१०० बेस गळालेले असतात. त्यामुळे प्रथिन बिघडत नाही. ते एरवी जेथे बनत नाही त्या रंगपेशीत बनू लागते आणि ग्राहीकडून आत जाणारा संदेश अर्ध्या वाटेत तोडते. बदल एकदाच घडून जगभर पसरला असावा असे दिसते. त्याच्या काळाविषयी एवढेच म्हणता येते, की बाराव्या शतकाच्या सुमारास चिनी चित्रांत तिरंगी मांजरे दिसतात. म्हणजे तो त्याहून जुना असला पाहिजे.

तिरंगी मांजरीची प्रतिकृती (क्लोन) तिच्यासारखी दिसत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी जन्मलेल्या ‘सीसी’ या पहिल्या प्रतिकृत मांजरीची जनुकदाती ‘रेनबो’ तिरंगी होती, पण सीसीच्या अंगावर पिवळा केस नव्हता. ज्या एका पेशीचे केंद्रक घेतले तिच्यातील ‘पिवळा’ एक्स निष्क्रिय होता आणि तो तसाच राहिला, असे याचे कारण मानले जाते.

पट्टे : सरळ पट्ट्यांऐवजी कुशीवर भोवऱ्यासारखे रुंद डाग येण्यामागे टॅकपेप हे जनुक आहे, हे २०१२ मध्ये कळले. त्याच जनुकातील दोषाने आफ्रिकेतील ‘किंग चित्त्या’चे ठिपके जुळून पट्टे होतात, आणि ओडिशातील सिमिलीपाल येथील काळपट वाघांतही त्याच जनुकाचा बदल असल्याचे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखविले. पुरातन मांजरांच्या अवशेषांवरील २०१७ च्या अभ्यासात भोवरेदार रूप चौदाव्या शतकापूर्वी आढळले नाही. त्याचा उगम ऑटोमन साम्राज्याच्या प्रदेशात मानण्याकडे कल आहे.

पांढरा : पांढऱ्या भागात रंगपेशीच नसतात. याला किट जनुकात शिरलेला एका प्राचीन विषाणूचा तुकडा कारणीभूत आहे. रंगपेशी पाठीकडून पोटाकडे सरकतात व वाटेत कमी पडतात, ही जुनी समजूत. उंदरांवरील २०१६ च्या अभ्यासाने त्या कोठेही भटकतात पण पुरेशा वाढत नाहीत असे दाखविले, आणि ते अधिक पटणारे आहे. पूर्ण पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपण बरेच आढळते, कारण आतील कानालाही रंगपेशी लागतात.

सयामी मांजरात रंगद्रव्य बनविण्यास लागणारे टायरोसिनेज हे एंझाइम उष्णतेने निकामी होते. म्हणून पिले जवळजवळ पांढरी जन्मतात आणि नाक, कान, पंजे व शेपटी या थंड जागाच पुढे काळवंडतात. कुशीवरचे केस भादरून तेथे थंडावा ठेवला तर नवे केस गडद उगवतात.

इतर प्राणी : तांबडा घोडा व पिवळा लॅब्राडोर या दोहोंत एमसी१आर निकामी असतो. काळ्या बिबट्यात अगूटीचा अप्रभावी (आईबाप दोघांकडून यावा लागणारा) दोष असतो; जॅग्वारमध्ये मात्र काळेपण ग्राहीतील प्रभावी (एकाकडून आला तरी पुरणाऱ्या) बदलाने येते, म्हणून ‘काळा पँथर’ हे एकच नाव दोघांना देणे जनुकदृष्ट्या सैल आहे. पांढरा वाघ एसएलसी४५ए२ या जनुकातील एका बदलाने होतो. बंदिवासातील बहुसंख्य पांढरे वाघ रीवा संस्थानच्या जंगलात १९५१ मध्ये पकडलेल्या ‘मोहन’चे वंशज आहेत. महाराष्ट्रातील देवणी गुरांत रंगावरूनच वानेरा (चेहऱ्याच्या बाजू काळ्या) व शेवेरा (अंगभर काळे डाग) असे प्रकार मानतात.