मावंद्याच्या पंगतीमागची काशी

काशीहून कुणी परतलं की गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत अजूनही मावंदं घालतात. गंगापूजन होतं, आप्तेष्टांची पंगत बसते. गंगेचा एक झाळलेला गडू मात्र देवघरात तसाच राहतो, घरातल्या कुणाच्या तरी शेवटच्या घोटासाठी. सोडमुंजीतला बटूसुद्धा काशीलाच निघतो आणि मामा त्याला मुलगी देऊ करून मागे फिरवतो.

वरणा आणि असी यांच्यामधली ती वाराणसी, असं नावाचं पारंपरिक स्पष्टीकरण. राजघाटच्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली वस्ती सापडली आहे. पुराणं तिला ‘अविमुक्त’ म्हणतात, शिवाने कधीही न सोडलेलं क्षेत्र. ‘काश्यां मरणान्मुक्तिः’ ही श्रद्धा या नगरीच्या मुळाशी आहे. मरणाऱ्याच्या कानात स्वतः शिव तारक मंत्र सांगतो, असं भाविक मानतात. म्हणून मणिकर्णिकेवर स्मशान वस्तीबाहेर ढकललेलं नाही, ते क्षेत्राच्या ऐन मध्यावर आहे.

आपण मात्र या नगरीचे नुसते यात्रेकरू नाही, आणि हे अभिमानाने सांगायला हवं. 16व्या शतकात विश्वेश्वराचं मंदिर पुन्हा उभारण्याचं श्रेय नारायणभट्टांना देतात. त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. याच घराण्यातले गागाभट्ट 1674 मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाला आले. पैठणच्याच एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची ओवीबद्ध टीका 1573 मध्ये काशीत पूर्ण केली. प्राकृतातल्या, म्हणजे मराठीतल्या, या ग्रंथाला तिथल्या पंडितांनी आधी विरोध केला आणि मग तो मस्तकी धरला, असं परंपरा सांगते. मराठीला लाभलेला याहून मोठा मान मला ठाऊक नाही.

1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने मंदिर पाडलं गेलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, 1780 च्या सुमारास, अहिल्याबाई होळकरांनी शेजारीच आजचं मंदिर बांधलं. शिखराचं सोनं पुढे महाराजा रणजितसिंहांनी दिलं. ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप 1828 मधला, बायजाबाई शिंद्यांचा.

सीएसएमटीहून महानगरी एक्सप्रेसने जाणारे बहुतेक जण दर्शन आणि आरती उरकून परततात. जमल्यास एक सकाळ दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांसाठी राखून ठेवा. कित्येक पिढ्यांपूर्वी तिथे स्थायिक झालेली मराठी घरं त्याच भागात आहेत.