गाढवांच्या खुरांचे रोग (कोकण किनारपट्टी)

खुराची भिंत, तळवा आणि त्या दोहोंना जोडणारी पांढरी रेघ यांत होणारे कुजण्याचे व पू धरण्याचे विकार. कोकणात ते मुख्यतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत दिसतात. गाढव लंगडू लागले की गुरे पाळणारा माणूस 'खुरकूत झाली' म्हणून मोकळा होतो. ते खरे नव्हे. लाळ-खुरकुताचा विषाणू गाय, म्हैस, शेळी, डुक्कर अशा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना बाधतो. गाढव, घोडा, खेचर या एकखुरी जनावरांना तो रोग होत नाही. मात्र पायाला लागलेल्या चिखलातून गाढव तो विषाणू एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेऊ शकते.

गाढव मूळचे ईशान्य आफ्रिकेतील कोरड्या, खडकाळ मुलखातले. त्याचा खूर घोड्याच्या खुरापेक्षा अरुंद व उभट असतो, आणि ओलावाही जास्त धरतो. कोकणात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस पडतो; तांबड्या चिखलात उभ्या राहिलेल्या जनावराचा खूर भिजून मऊ पडतो. लावणीच्या दिवसांत माणसांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यातलाच हा प्रकार. कोकणात गाढवे मुळात थोडी. वीटभट्ट्यांवर आणि माती वाहायला दिसतात ती बरीचशी घाटावरून आलेली. देशभरातही ती झपाट्याने घटली: 2012 च्या पशुगणनेच्या तुलनेत 2019 मध्ये संख्या सुमारे 61 टक्क्यांनी कमी होऊन 1.2 लाखांवर आली. गाढवांसोबत नालबंदही विरळ झाले, आणि छाटणीवाचून वाढलेल्या खुराच्या फटींत जंतूंना आयतेच घर मिळते.

सर्वांत सहज ओळखू येते ते तळव्यावरच्या त्रिकोणी मऊ गादीचे कुजणे. पाय उचलून गादीच्या बाजूची खाच कोरली की काळपट, लिबलिबीत घाण निघते, आणि तिचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. फ्यूजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा हवेवाचून वाढणारा जिवाणू यात नेहमी सापडतो. पांढऱ्या रेघेच्या रोगात जिवाणू आणि बुरशी मिळून शिंगासारखा थर आतून पोखरतात. बाहेरून काही दिसत नाही. पण नारळ वाजवून पाहतात तसे खुरावर ठोकले तर आवाज पोकळ येतो. हे दोन्ही रोग एका गाढवाकडून दुसऱ्याला लागतातच असे नाही. चारही गाढवे एकाच वेळी लंगडली तर संसर्गापेक्षा त्यांच्या पायाखालची जागा आधी पाहावी.

खडा किंवा खिळा रुतून आत पू झाला तर जनावर एकाएकी पाय टेकेनासे होते व खूर गरम लागतो. एरवी गाढव वेदना दाखवत नाही; ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहते एवढीच खूण असते, आणि मालक तिला आळस समजतो. अशा जखमेतून धनुर्वाताचा धोका मोठा, म्हणून लस आवश्यक. खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह मात्र वेगळा: त्याचे कारण बहुधा अति धान्य किंवा शरीरातला दुसरा आजार असतो, आणि खुरावर लावायच्या जंतुनाशकाने तो हटत नाही.

उपचारात पोखरलेला भाग पशुवैद्याकडून तासून उघडा करणे, पू वाहू देणे आणि पाय कोरडा ठेवणे हेच मुख्य. जांभ्याच्या उंच ओट्यावर भाताचे तूस पसरून केलेली जागा पुरते. भोकात डांबर भरून ते बुजवणे घातक, कारण बिनहवेच्या जंतूंना तेच हवे असते. मोरचूदही जिवंत मांसाला जाळते. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो व दर 6 ते 10 आठवड्यांनी छाटावा लागतो. भिंत वरून खाली वाढत असल्याने आषाढात वर पडलेली पोकळी टोकाशी येऊन छाटली जाईपर्यंत बहुधा पुढचा पावसाळा तोंडावर आलेला असतो.