पाणी येत नाही, की टिकत नाही?

कपडे टाकून, बटण दाबून आपण पोळ्यांकडे वळावं आणि थोड्या वेळाने मशीनने टीं-टीं सुरू करावं. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ आलेलं असतं, सॅमसंगवर ‘४ई’ किंवा ‘४सी’. अर्थ एकच, पाणी भरलं नाही. मग नळ तपासला जातो, मेकॅनिक येतो, इनलेट व्हॉल्व्ह (मशीनमध्ये पाणी आत सोडणारी झडप) बदलला जातो आणि पुढच्या धुण्याला पुन्हा टीं-टीं.

गोम अशी की, पाणी किती आत आलं याचा हिशेब बहुतेक मशीन ठेवतच नाहीत. त्यांना कळते ती पातळी. टबाच्या तळापासून एक बारीक नळी प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून पातळी ठरते. ठरावीक वेळात ती गाठली नाही की तक्रार. माठ भरलाच नाही की खालून गळतोय, तसंच हे; मशीनला कळणार कसं?

आपल्याला मात्र कळतं. मशीन सुरू करा आणि मोरीत जाऊन ड्रेन पाइपचं तोंड बघा. भरण्याच्या वेळी ते कोरडं असायला हवं. तिथून पाणी वाहत असेल तर ते टिकत नाही. कोरडं असेल तर येतच नाही.

येत नसेल तर आधी जाळी. नळ बंद करून मागचा इनलेट पाइप सोडवला की आत बोटाच्या पेराएवढी जाळी दिसते. ती पकडीने हलकेच ओढायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची. टँकरचं पाणी असेल किंवा सोसायटीची टाकी नुकतीच धुतली असेल, तर तिथे रेती हमखास सापडते. जाळी स्वच्छ असेल तर दाबाकडे बघा. १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार, म्हणजे ३ ते ५ मीटर उंची लागते. सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावर असूनही, तेवढी मिळत नाही. व्हॉल्व्हचा घुंऽऽ आवाज येतो पण पाणी येत नाही, तेव्हा संशय जाळीवर आणि दाबावर. आवाजच नाही, तर व्हॉल्व्हची कॉइल (विजेवर तो उघडणारी तारेची गुंडाळी) किंवा वायरिंग. तिथून पुढे मेकॅनिकच.

टिकत नसेल तर बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो, पाइप लावणाऱ्याचा असतो. आमच्याकडे बाथरूमच्या फरश्या बदलल्यावर कामगाराने फ्रंट लोडचा पाइप ‘नीट दिसावा’ म्हणून मोरीच्या जाळीत पार खाली खुपसला. फ्रंट लोडमध्ये पंप असतो आणि थांबलेल्या पंपातूनही पाणी वाहू शकतं. म्हणून पाइप जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर वर चढवून मग खाली सोडायचा, आणि तोंडाशी हवा खेळती ठेवायची. तोंड घट्ट बसलं तर एकदा सुरू झालेला सायफन, म्हणजे पाइपातून आपोआप ओढली जाणारी पाण्याची धार, टब रिकामा करत राहतो.

पण हाच सल्ला टॉप लोडवाल्या शेजाऱ्यांना देऊ नका! आपल्याकडच्या अनेक टॉप लोडना पंप नसतो. ड्रेन व्हॉल्व्ह उघडला की पाणी आपल्या वजनाने उतरतं. तिथे पाइप जमिनीलगतच हवा. उंच बांधला तर निचराच होणार नाही. अशा मशीनमध्ये पाणी टिकत नसेल तर ड्रेन व्हॉल्व्हच्या रबरात शर्टाचं बटण किंवा टाचणी अडकलेली असू शकते.

आणि बंद मशीनच्या टबात सकाळी पाणी साचलेलं दिसलं, तर इनलेट व्हॉल्व्ह नीट मिटत नाही असं समजा. तो दुरुस्त होईपर्यंत धुणं झालं की नळ हाताने बंद करत जा.