हैतीच्या गरिबीचा अर्धाच सांगितलेला हिशेब

कॅरिबियन समुद्रातला हैती हा देश गरीब राहिला तो तिथल्या लोकांना राज्य चालवता आले नाही म्हणून, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात सगळ्यात मोठी नोंदच गाळलेली असते. गुलामांनी फ्रान्सला हरवून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवले, पण जुलै १८२५ मध्ये राजा दहाव्या चार्ल्सचा हुकूमनामा घेऊन फ्रेंच युद्धनौका राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्ससमोर उभ्या राहिल्या आणि स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागण्यात आले. ही रक्कम फ्रेंच मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई होती, आणि त्या मालमत्तेत माणसेही धरलेली होती. म्हणजे मुक्त झालेल्यांनी स्वतःचीच किंमत चुकवायची, असा हा उफराटा न्याय. पहिल्या हप्त्यासाठी फ्रेंच बँकवाल्यांकडून ३ कोटींचे कर्ज काढले, तेव्हा त्यांनी आपला वाटा आधीच कापून हातावर २ कोटी ४० लाखच ठेवले. १८३८ मध्ये उरलेली मागणी ६ कोटींवर आली खरी, तरी या व्यवहारातून निघालेल्या कर्जांची परतफेड १९४७ पर्यंत लांबली. दरम्यान डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतील सुमारे ५ लाख डॉलरचे सोने न्यूयॉर्कला नेले. १९५७ ते १९८६ या काळात दुव्हालिए या हुकूमशहा पितापुत्रांनी देश लुटला हेही खरेच, पण तोवर तिजोरी सव्वाशे वर्षे गळत होती.