पदवीनंतरची शिकाऊ उमेदवारी : पात्रता, कागदपत्रे आणि करारनोंदणी

महाविद्यालयाने एखाद्या उद्योगाशी सामंजस्य करार केला की आपली शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) आपोआप सुरू होते, असा अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. तो करार संस्था आणि आस्थापना यांच्यातला असतो. प्रमाणपत्र आणि विद्यावेतनाचा हक्क मात्र शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खाली विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे नोंदलेल्या करारपत्रावरच उभा असतो.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत, म्हणजे ‘नॅट्स’मध्ये, पदवीधर आणि पदविकाधारक अर्ज करू शकतात. 2014 च्या दुरुस्तीनंतर कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही हे दार उघडले. ज्याने या कायद्याखाली आधीच असे प्रशिक्षण घेतले आहे, किंवा ज्याला पदवीनंतर एक वर्ष वा अधिक नोकरीचा अनुभव आहे, तो अपात्र ठरतो. अद्याप शिकत असलेल्यांसाठी शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेला पदवी अभ्यासक्रम हा वेगळा मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवता येतात.

नॅट्सच्या पोर्टलवरील नोंदणीसाठी आधार कार्ड, पदवी किंवा तात्पुरते प्रमाणपत्र, गुणपत्रिका, छायाचित्र, स्वतःचा ई-मेल आणि बँक खात्याचा तपशील लागतो. अडचण येते ती बहुधा नावाची. आपल्याकडील गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव असते, तर आधारवर क्रम निराळा आणि आईचे नाव नाहीच. माहिती भरताना नाव आधारवर आहे तसेच लिहावे आणि फरक मोठा असल्यास आधी दुरुस्ती करून घ्यावी. बँक खात्याबाबतही एक बारकावा आहे : केवायसीसाठी आधार जोडलेले असणे पुरेसे नसते, शासकीय अनुदान त्याच खात्यात यावे यासाठी ‘आधार सीडिंग’, म्हणजे सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते खाते आधार क्रमांकाशी जोडणे, झाले आहे का, हे बँकेत विचारून घ्यावे.

नोंदणी क्रमांक मिळाल्यावर आस्थापनांच्या जागा पाहून अर्ज करावा. निवड झाल्यावर आस्थापना पोर्टलवर करारपत्र तयार करते, उमेदवार ते स्वीकारतो आणि मग ते शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षणाच्या विभागीय मंडळाकडे नोंदले जाते. महाराष्ट्रासाठी हे मंडळ मुंबईत आहे. केवळ नियुक्तिपत्रावर रुजू होऊन ‘कागद नंतर बघू’ म्हणणे अंगाशी येते, कारण नोंदणीविना केलेले काम प्रशिक्षण म्हणून गणले जाईलच, याची खात्री नसते.

2019 च्या सुधारित नियमांत किमान विद्यावेतन पदवीधरासाठी दरमहा 9,000 आणि पदविकाधारकासाठी 8,000 रुपये होते, व त्या किमान रकमेचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलते. 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने 36 टक्के वाढीची शिफारस केली असल्याने करारपत्रावरील आकडा त्या वेळी लागू असलेल्या दराशी ताडून पाहावा. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या दृष्टीने प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे; त्यामुळे मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याचे बंधन आस्थापनेवर नसते.