बाळ त्यांचे, गर्भारपण तिचे : सरोगेट मातेच्या नऊ महिन्यांविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्यात फोंड्यातील आमच्या छोट्या कार्यालयातून आम्ही गरोदर आणि बाळंत स्त्रियांना घरी जाऊन परिचर्या, आहाराचा सल्ला आणि समुपदेशन देतो. सरोगसीच्या बाबतीत आमच्याकडे दोन प्रकारचे ग्राहक येतात : बाळाची वाट पाहणारे जोडपे आणि त्यांच्यासाठी गर्भ वाढवणारी स्त्री. दोघांनीही एकच पत्रक वाचावे, म्हणून हे वेगवेगळे छापलेले नाही. आम्ही सरोगसीसाठी स्त्री मिळवून देत नाही आणि त्याविषयीची विचारणाही स्वीकारत नाही. ‘भाडोत्री गर्भाशय’ हा शब्दप्रयोग आपण आमच्या कार्यालयात कृपया टाळावा, कारण तो दुखावणारा आहे आणि सरोगसी (नियमन) कायदा २०२१ लागू झाल्यापासून चुकीचाही आहे. या कायद्याने मोबदल्याची सरोगसी हा गुन्हा ठरवला असून वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत सांगितलेले खर्च एवढेच सरोगेट मातेसाठी करता येतात.

सुरुवातीपूर्वी

सरोगेट माता २५ ते ३५ वर्षे वयाची, विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली आणि स्वतःचे मूल असलेली असावी लागते, तिचे स्वतःचे स्त्रीबीज वापरता येत नाही आणि आयुष्यात एकदाच ती हे करू शकते. तिची शारीरिक व मानसिक तपासणी होते. उपचारांचे सर्व परिणाम तिला समजणाऱ्या भाषेत सांगून लेखी संमती घ्यावी लागते, आणि गर्भाशयात भ्रूण ठेवला जाईपर्यंत ती संमती मागे घेण्याचा तिला पूर्ण हक्क असतो. आम्ही हे वाक्य पहिल्या भेटीत तिला एकटीला, घरच्यांच्या अनुपस्थितीत, पुन्हा वाचून दाखवतो. जोडप्याने तिच्या नावे ३६ महिन्यांचा आरोग्य विमा काढणेही बंधनकारक आहे. बाळाच्या पालकत्वाविषयी प्रथम वर्ग किंवा त्यावरील न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आधीच घेतलेला असतो, त्यामुळे ‘बाळ कोणाचे’ हा प्रश्न प्रसूतीच्या खोलीत उभा राहत नाही.

औषधांचे आठवडे आणि वाट पाहण्याचे दिवस

आपल्या पहिल्या गर्भारपणात तिला पाळी चुकल्यावर बातमी कळली होती, तर इथे शरीराला आधी औषधांनी तयार केले जाते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) गोळ्यांनी गर्भाशयाचे अस्तर जाड केले जाते, सोनोग्राफीत ते साधारण ७ मिलिमीटर किंवा अधिक दिसल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक सुरू होते, आणि मग भ्रूणरोपण, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत ‘ट्रान्सफर’, केले जाते. ट्रान्सफर काही मिनिटांत होते आणि बहुधा भूलही लागत नाही. नियमांप्रमाणे एका वेळी एकच भ्रूण ठेवायचा असतो, विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत ठेवता येतात. जुळ्यांची इच्छा व्यक्त करणाऱ्या जोडप्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की त्या इच्छेचा भार तिच्या रक्तदाबावर आणि तिच्या प्रसूतीवर पडतो.

पाच दिवसांचा भ्रूण ठेवला असेल, तर ट्रान्सफरच्या दिवशीच गर्भारपणाचे २ आठवडे आणि ५ दिवस मोजले जातात, आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख त्या दिवसापासून २६१ दिवसांनी येते. पुढचे दहा-बारा दिवस बहुतेकींना सगळ्यांत लांब वाटतात. प्रोजेस्टेरॉनमुळे छाती जड होते, पोट फुगते आणि झोप अनावर होते. ही सगळी लक्षणे गर्भ राहिल्यासारखीच असल्यामुळे त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. घरी पट्टीवर तपासणी करून जोडप्याला घाईने फोन करू नये, गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या बीटा एचसीजीच्या रक्ततपासणीची वाट पाहावी. निकाल नकारात्मक आला, तर तिलाही दुःख होते, आणि पुष्कळदा त्याबरोबर ‘माझ्यामुळे झाले’ ही भावना असते. गर्भ न रुजणे हा तिचा दोष नाही, हे तिने प्रथम जोडप्याच्या तोंडून ऐकावे, अशी आमची मनापासून विनंती आहे. कायद्याने एकूण तीन प्रयत्नांची मर्यादा घातली आहे.

पहिले तीन महिने

सहाव्या-सातव्या आठवड्यातील सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसतात. मात्र औषधे तिथे थांबत नाहीत. नैसर्गिक गर्भधारणेत अंडाशयातून येणारे संप्रेरक या पद्धतीत बहुधा बाहेरून द्यावे लागते, आणि गर्भाची वार (प्लॅसेंटा) ते काम पुरेसे सांभाळू लागेपर्यंत, साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत, एकही मात्रा चुकवून चालत नाही. चतुर्थीला माहेरी गेल्यावर पहाटेच्या धावपळीत गोळी राहून जाते, म्हणून सणाच्या दिवसांत आमची परिचारिका वेळेवर फोन करते. इंजेक्शनांनी कमरेखाली गाठी येतात, त्यांना कोमट शेक द्यावा. मळमळीच्या सकाळी पेज आणि तोंडी लावायला लोणच्याची फोड एवढे पोटात गेले, तरी पुष्कळ झाले. थोडेही रक्त दिसल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे आणि औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मधले महिने

पोट दिसू लागते आणि वाड्यावर प्रश्न सुरू होतात. शेजाऱ्यांना काय आणि किती सांगायचे हे तिने आणि तिच्या घरच्यांनी आधी ठरवलेले बरे, आणि तिच्या स्वतःच्या मुलांना मात्र खरे तेच सांगावे : आईच्या पोटातले बाळ दुसऱ्या आईबाबांचे आहे आणि त्यांना ते स्वतःच्या पोटात वाढवता येत नव्हते. मुले हे मोठ्यांपेक्षा सहज समजून घेतात. डोहाळजेवण करावे का, असे जोडपी आम्हाला विचारतात. ओटी भरून घेण्यात काहींना मान वाटतो, काहींना त्याने मनात गुंता होतो, तेव्हा तिला विचारावे आणि तिने नाही म्हटले तर तो विषय तिथेच सोडावा.

एकदा बाळंत झालेल्या स्त्रीला हालचाल सोळाव्या आठवड्याच्या आसपासही जाणवू शकते. ती पहिली हालचाल जोडप्याला कळवताना तिचा आवाज आनंदाने भरून येतो, आणि तरीही हे बाळ आपले नाही याची जाणीव तिला पक्की असते. या दोन्ही गोष्टी एकत्र राहू शकतात. आम्हाला बऱ्याच जणी सांगतात की त्यांना बाळापेक्षा त्या जोडप्याची अधिक काळजी वाटते. अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास व्यंगतपासणीची सोनोग्राफी होते. गर्भलिंग विचारणे किंवा सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि सरोगसीला त्यातून सूट नाही.

आहाराबाबत सर्वांत जास्त ओढाताण होते. जोडप्याने पाठवलेली यादी पाहून तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात परक्यासारखे वावरावे, हे आम्हाला मान्य नाही. बांगडे, तारले यांसारखे लहान मासे नीट शिजवून खाल्ले तर उत्तमच, मोरीसारखे मोठे मासे मात्र त्यांत पारा अधिक असल्यामुळे टाळावेत. लोह आणि कॅल्शियम डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावे, आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी चुकवू नये. रोज वीस फोन करण्यापेक्षा आठवड्याचा एक ठरलेला फोन दोघांनाही सुखाचा होतो. तपासण्यांचे अहवाल तिच्या शरीराचे आहेत आणि जोडप्याला ते तिच्या संमतीने मिळतात, हे सुरुवातीलाच लिहून ठेवलेले असावे.

शेवटचे महिने

गर्भ दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून वाढत असल्यामुळे या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील नोंदींवर आधारित, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आईला गंभीर गुंतागुंत होण्याचे प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत २.३ टक्के, आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर फलन करून स्वतःच्या गर्भाशयात भ्रूण ठेवलेल्या स्त्रियांत) ४.३ टक्के, तर सरोगेट मातांमध्ये ७.८ टक्के आढळले. हे आकडे आम्ही लपवत नाही, कारण संमती देणाऱ्या स्त्रीला ते माहीत असले पाहिजेत. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावांत राहणाऱ्या स्त्रियांसाठी पावसाळ्यात कोणते वाहन, कोणता रस्ता, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचे की जवळच्या जिल्हा रुग्णालयात, हे आम्ही छत्तिसाव्या आठवड्यापूर्वी तिच्या घरी बसून ठरवतो. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा.

केवळ सरोगसी आहे म्हणून सिझेरियन करण्याचे कारण नसते. पंचांग पाहून मुहूर्ताची तारीख मागणाऱ्या कुटुंबांना आम्ही नम्रपणे नकार देतो, कारण चीर तिच्या पोटावर पडणार असते. प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ कोण असावे आणि बाळ प्रथम कोणाच्या हाती द्यावे, हे तिच्याशी बोलून आधी ठरवावे. काहींना बाळाला एकदा जवळ घ्यायचे असते, काहींना त्या आईबाबांचा चेहरा पाहायचा असतो.

बाळ घरी गेल्यानंतर

सगळे बाळाभोवती जमतात त्या दिवसापासून तिच्याकडे दुर्लक्ष होऊ लागते, आणि आमचे काम तिथे संपत नाही. कुशीत बाळ नसले, तरी ती बाळंतीणच असते. दोन ते चार दिवसांत दूध येते, छाती दगडासारखी होते. दूध काढून बाळाला पाठवायचे की डॉक्टरांच्या औषधाने थांबवायचे, हे आधी बोललेले असावे आणि निर्णय तिचा असावा. रक्तस्राव चार ते सहा आठवडे राहू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येते. हे बहुधा संप्रेरके उतरल्यामुळे होते आणि दोन आठवड्यांत सरते, त्याहून लांबले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. तिला मालीश, शेक, अळिवाचे लाडू आणि दुपारची झोप हे सारे इतर कोणाही बाळंतिणीइतकेच हवे, आणि त्याची व्यवस्था आम्ही नोंदणीच्या वेळीच करून ठेवतो. बारशाचे आमंत्रण द्यायचे असेल तर जोडप्याने स्वतः फोन करून द्यावे, आणि ती आली नाही तर राग मानू नये.

आमची शेवटची ठरलेली भेट सहाव्या आठवड्यात होते. त्या दिवशी तिच्या सर्व तपासण्यांची फाईल, विम्याची कागदपत्रे आणि त्याच्या मुदतीची तारीख आम्ही तिच्या हाती देतो. त्यानंतरही ३६ महिन्यांत काही त्रास झाल्यास तिने आमच्याकडे यावे. त्या भेटीचे शुल्क घेतले जात नाही.